पुढच्या कार्डावर पडलेली खूण

भंडाऱ्यात अजूनही कुणी जुनं माणूस भेटलं की विचारतं, "बाई, तुम्ही त्या कुष्ठरोगाच्या दवाखान्यात होत्या ना? नर्स होत्या का?" मी नाही म्हणते. मग डॉक्टर? तेही नाही. "कंप्युटरवर होते," असं सांगितलं की समोरचा माणूस "अच्छा" म्हणतो आणि विषय बदलतो. मला त्याचं वाईट वाटत नाही. माझं काम दिसण्यासारखं नव्हतंच. एका बंद खोलीत बसून मी फाइली उघडत होते आणि बंद करत होते. पण त्या खोलीत बसून एकोडीच्या एका घराची घडी कशी विस्कटते आणि करडीच्या एका माणसाची बोटं कशी वाकतात, हे मी पाहिलं आहे. ते आता सांगून टाकावं असं वाटतं. त्या माणसांची नावं मात्र मी बदलली आहेत.

ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. आमची संस्था गावाबाहेर होती. परदेशातल्या देणगीदारांनी दवाखान्याला एक कंप्युटर दिला होता, आणि जिल्ह्यात त्या वेळी असली यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील. यंत्राला धूळ चालत नाही म्हणून खोलीला पडदे, दारात पायपुसणं, चपला बाहेर. अख्ख्या दवाखान्यात तेवढी एकच खोली थंड. पट्टी बदलायला आलेले पेशंट उन्हाळ्यात दाराशी घोटाळत आणि पडदा हलला की आत डोकावून पाहत.

त्यांच्यातले एक म्हातारबाबा आठवड्याला यायचे आणि उंबऱ्याबाहेर बसून विचारायचे, "माहं नाव हाय ना आतमधी?" एकदा मी त्यांना आत बोलावून कंप्युटरच्या पडद्यावर त्यांचं नाव दाखवलं. त्यांनी आधी हात जोडले, मग जरा विचार केला.

"मेल्यावर काढता ना बाई?"

"काढतो ना बाबा."

"मंग बरं हाय. नाहीतर तो टिचकुले मसणात येईल मले शोधाले."

टिचकुलेभाऊ म्हणजे आमचे घरोघर फिरणारे कार्यकर्ते. सायकल, खांद्याला हिरवी पिशवी आणि कधीही न चिडणारा आवाज. औषध चुकवलेला पेशंट शोधून काढणं हे त्यांचं काम. शेतात, तलावावर, लग्नाच्या मांडवात, जिथं असेल तिथं ते त्याला गाठायचे. पण त्या हिरव्या पिशवीला सगळा तालुका ओळखायचा. ती कुणाच्या अंगणात थांबली की गाव काय ते समजून घ्यायचं. म्हणून काही पेशंट पहिल्याच दिवशी हात जोडून सांगायचे, आम्ही दर महिन्याला येऊ, पण घरी कुणाला पाठवू नका. तसा शेरा त्यांच्या कार्डावर लाल शाईनं लिहिलेला असे: घरी जाऊ नये.

कुष्ठरोगावर तेव्हा नवी औषधं आली होती. महिन्यातून एकदा सिस्टरसमोर गोळ्या गिळायच्या, उरलेल्या घरी रोज घ्यायच्या. नेमानं घेतल्या तर आजार पूर्ण बरा होतो. मधेच सोडल्या तर तो आतल्या आत नसा खात जातो आणि माणसाला कळतं तेव्हा बोटं वाकलेली असतात. त्यामुळे कोण आलं आणि कोण आलं नाही, यावर सगळा उपचार उभा होता. आमच्या शांता सिस्टर जीप घेऊन बाजाराच्या दिवशी गावोगाव जायच्या आणि आलेल्यांच्या नावापुढे खूण करून कागद मला आणून द्यायच्या. मी त्या खुणा यंत्रात भरायची. लागोपाठ तीन महिने खूण नसलेल्यांची यादी यंत्र छापायचं, आणि ती यादी घेऊन टिचकुलेभाऊ निघायचे. त्या यादीवर नाव, गाव, कार्डाचा नंबर एवढंच मावायचं. लाल शाईचे शेरे जुन्या कार्डांवर आणि यंत्रातल्या फाइलीत असायचे, पण यादीवर येत नसत.

आता हे खुणा भरणं म्हणजे काय, ते सांगते. आपल्याकडच्या वाचकाला समजायला कठीण नाही. फाइल म्हणजे एकाला एक लागून असलेल्या, अगदी सारख्या मापाच्या बांध्या, म्हणजे धानाची छोटी शेतं, समजा. एका पेशंटचं कार्ड म्हणजे एक बांधी. फक्त त्यांच्यामध्ये धुरे, म्हणजे बांध, नाहीत. शेतातल्या माणसाला धुरा दिसतो, यंत्राला दिसत नाही. त्याला फक्त पावलं मोजता येतात. फाइल उघडली की यंत्र आपलं एक बोट तिच्या सुरुवातीला ठेवतं. त्याला आम्ही पॉइंटर म्हणायचो. वाचायचं तर पॉइंटर असेल तिथून आणि लिहायचं तरी तिथूनच. आणि मुख्य गोष्ट ही, की वाचलं की पॉइंटर आपोआप पुढे सरकतो. एक अख्खं कार्ड वाचलं की तो पुढच्या कार्डाच्या तोंडाशी जाऊन उभा राहतो. आपल्याला जर वाचलेल्याच कार्डावर काही लिहायचं असेल, तर त्याला आधी एक कार्ड मागे आणावं लागतं. ते करायला एक ओळ लागते. ती ओळ विसरली तर यंत्र तक्रार करत नाही. ते मुकाट्यानं शेजारच्या बांधीत लिहून मोकळं होतं.

आमचा प्रोग्राम नागपूरच्या एका हुशार मुलानं लिहून दिला होता. मी त्यानंतर कामाला लागले. नागपूरला वर्षभर शिकलेली, लग्नानंतर भंडाऱ्यात आलेली, आणि संस्थेनं त्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली तेव्हा घरी जाऊन सासऱ्यांना ती किल्ली काढून दाखवणारी.

त्या वर्षी पावसाळ्यात तलावांकडची गावं तुटली, म्हणून टिचकुलेभाऊंच्या फेऱ्या बंद होत्या. त्या दिवाळीनंतर सुरू झाल्या. धान कापणीला आलं होतं. अशाच एका सकाळी खोलीचा पडदा कुणीतरी जोरात सारला. पस्तिशीचा एक माणूस उभा होता, पायात वहाणा तशाच.

"मशीनवाली बाई तुम्हीच का?"

"हो. बसा ना."

"बसाले नाही आलो मी." त्याचा आवाज चिरकला. "माहं नाव नामदेव. एकोडीचा. माही बायको शेवंता, तिच्यावर तुमचा इलाज चालू हाय. दर महिन्याले साकोलीच्या बजारात तुमची जीप येते ना, तिथं मी सोता तिले घेऊन येतो. गिलासात पाणी मी देतो. माह्यासमोर गोळ्या गिळते ते. मंग तुमचा माणूस माह्या घरी कायले आला?"

मी खिडकीतून हाक मारून टिचकुलेभाऊंना बोलावलं. ते बाहेर सायकलची चेन बसवत होते. काळ्या हातांनी आत आले, नामदेवला पाहिलं आणि दारातच थांबले.

झालं होतं ते असं. टिचकुलेभाऊ एकोडीला गेले, तेव्हा नामदेव शेतावर होता. अंगणात त्याची आई भागाबाई आणि शेजारच्या दोन बाया बसल्या होत्या. टिचकुलेभाऊंनी नेहमीसारखं हळू आवाजात विचारलं, शेवंताबाई आहेत का. औषधाचं नावही काढलं नाही. पण खांद्याला पिशवी होती.  त्या रात्रीचं जेवण शेवंताला वेगळ्या ताटात, अंगणात मिळालं. दुसऱ्या दिवशी तिची लुगडी गाठोड्यात बांधून दारात ठेवलेली होती. तिचा भाऊ कोंढ्याहून येऊन तिला घेऊन गेला.

"मी गेलो नसतो भाऊ," टिचकुलेभाऊ म्हणाले. "पण यादीत नाव होतं. तीन महिने आली नाही म्हणून."

"यादी कोण बनवते?"

 टिचकुलेभाऊ माझ्याकडे पाहू लागले, आणि मग नामदेवही.

मी शांता सिस्टरांचे साकोलीचे कागद काढले. प्रत्येक महिन्याला शेवंताच्या नावापुढे खूण होती. मग माझ्याच हातून भरताना सुटली असेल, असं मला आधी वाटलं. पण एखाद्या महिन्याची सुटेल. दर महिन्याची कशी सुटेल?

"तुम्ही इथं बसा आणि पाहा," मी नामदेवला म्हटलं. तो या वेळी बसला.

मी शेवंताचा नंबर टाकला. पडद्यावर शेरा आला: घरी जाऊ नये. खाली ओळ होती, पुढे जाण्यासाठी बटण दाबा. मी दाबलं. चालू महिन्याची खूण भरली. यंत्रानं लिहिलं, नोंद झाली. मग मी तिचंच कार्ड पुन्हा उघडलं. त्या महिन्याची चौकट कोरी होती.

"आत्ता तर टाकलं ना तुम्ही?" नामदेव पुढे वाकून म्हणाला.

"टाकलं."

"मंग गेलं कुठं?"

मी शिकत असताना इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. गेलं कुठं? यंत्र म्हणतंय लिहिलं, म्हणजे त्यानं लिहिलंच आहे. कंप्युटरचा पडदा जरा माझ्याकडे वळवून मी शेवंताच्या पुढच्या नंबरचं कार्ड उघडलं. खूण तिथं होती. आणि ती एकटी नव्हती. मागच्या महिन्यांच्या खुणाही ओळीनं तिथंच बसलेल्या होत्या.

मग प्रोग्रामचे कागद काढून वाचायला फारसा वेळ लागला नाही. साध्या कार्डांसाठी सगळं बरोबर होतं. कार्ड वाचायचं, पॉइंटर एक कार्ड मागे आणायचा, मग लिहायचं. पण पावसाळ्याच्या आधी डॉक्टरसाहेबांनी सांगितलं होतं, शेरा असेल तर तो पडद्यावर दिसू द्या, म्हणजे भरणाऱ्याच्या लक्षात राहील. त्या मुलानं नागपूरहून येऊन दुपारभरात ते काम करून दिलं. शेरा दाखवायचा, बटणाची वाट पाहायची आणि पुढे जायचं. त्या वाटेनं जाताना पॉइंटर मागे आणायची ओळ लिहायची राहून गेली. त्यामुळे ज्यांच्या कार्डावर शेरा होता, फक्त त्यांचीच खूण पुढच्या माणसाच्या कार्डावर पडत होती. आमच्याकडे येऊ नका म्हणून ज्यांनी हात जोडले होते, नेमके तेच गैरहजर ठरत होते.

त्या मुलाला मी तेव्हाही दोष दिला नाही. त्यानं काम भल्यासाठीच केलं होतं, आणि मी केलं असतं तर ती ओळ माझ्याकडून राहिली नसती असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

नामदेवला मी हे बांध्यांच्याच भाषेत समजावून सांगितलं. तो शेतकरी माणूस, त्याला ते पटकन कळलं.  मला वाटलं आता हा ओरडेल. त्याचा तो हक्कच होता.

"म्हणजे माह्या बायकोची हजेरी ह्या दुसऱ्याच्या नावावर पडली."

"हो."

"अन् हा माणूस गोळ्या घ्यायले येत होता का नाही?"

माझ्या ते डोक्यात आलंच नव्हतं. मी सिस्टरांचे दुसऱ्या गावांचे कागद उलटले. तो माणूस पावसाळा लागल्यापासून एकदाही आला नव्हता. कागदावर त्याच्या नावापुढे खूण नव्हती, पण यंत्रात होती, म्हणून तो कधी यादीत आला नाही आणि त्याच्याकडे कुणी गेलं नाही.

मी कागद खाली ठेवले. नामदेवला माझ्या तोंडावरून कळलं असावं. तो उठला.

"मले त्याचं नाव नका सांगू," तो म्हणाला. "पण आधी त्याच्याकडं जा. माहं जे व्हायचं ते होऊन गेलं."

त्याच दुपारी जीपनं आम्ही करडीला गेलो. शांता सिस्टर, टिचकुलेभाऊ आणि मी. मी आजवर कधी गावात गेले नव्हते. माझ्या यंत्रातल्या शेकडो माणसांपैकी त्या म्हातारबाबांसारखे दोन-चार सोडले तर मी कुणालाही पाहिलं नव्हतं.

ज्याचं कार्ड शेवंताच्या कार्डापुढे होतं, तो बिसन. जातीनं ढीवर, तलावात मासे धरणारा. तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर बसून तो जाळं नीट करत होता. आम्हाला पाहून त्यानं हातातलं काम खाली ठेवलं आणि डावा हात धोतराच्या सोग्याखाली नेला.

"बिसनभाऊ, गोळ्या काहून सोडल्या गा?" टिचकुलेभाऊंनी विचारलं.

"अंग कारं पडून राहिलं होतं ना जी. बरोबरचे पोट्टे हासत. म्हटलं दोन-चार दिवस सोडून पाहू."

त्या गोळ्यांनी कातडी काळवंडते, पुढे ती पूर्ववत होते. सिस्टर हे प्रत्येकाला सांगत. पण सांगितलेलं आणि सोसायचं यात फरक असतो.

"अन् मंग?"

"मंग मी वाट पाहिली," बिसन म्हणाला. "मांगच्या खेपेस तीन महिने चुकले, तं तुम्ही सायकलीनं आले होते मले घ्यायले. म्हटलं, याही वेळी येतील. तुम्ही आलेच नाही. मले वाटलं, सरली असंल बिमारी."

टिचकुलेभाऊंनी तोंड फिरवलं आणि तलावाकडे बघू लागले. सिस्टर बिसनजवळ बसल्या आणि त्यांनी त्याचा डावा हात सोग्याखालून बाहेर काढला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं होतं. सिस्टरांनी ती हळूच सरळ केली. सोडली तशी ती परत वळली.

बिसनचं औषध पुन्हा सुरू झालं. डॉक्टरसाहेबांनी हाताला पट्टी दिली, व्यायाम दिले. तो सगळं नेमानं करायचा. आजार बरा झाला, बोटं थोडी सैल झाली, पण सरळ झाली नाहीत. लवकर गेलो असतो तर झाली असती का, असं मी डॉक्टरसाहेबांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "कदाचित."  पुढे बिसनची बायको दवाखान्यात आली तेव्हा सांगत होती, "जाळं इनते तो अजून. पण गाठ आता येगळीच पडते त्याची."

प्रोग्राम दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाला. एक ओळ. त्यानंतर शेरा असलेलं एकेक कार्ड काढून, टिचकुलेभाऊ सिस्टरांचे कागद वाचून दाखवत आणि मी यंत्रातलं पाहत, असं आम्ही सगळं तपासलं. बाकीचे शेरे बहुतेक साधे निघाले. कुणाला एखादं औषध चालत नाही, कुणाला ऐकू येत नाही. त्यांच्याकडे टिचकुलेभाऊ दोन-चार फेऱ्यांत जाऊन आले होते आणि ती माणसं हसून म्हणाली होती, आम्ही तर गोळ्या घेतल्या. टिचकुलेभाऊंनी यादीवर पेन्सिलीनं तसं लिहून आणलंही होतं. टायपिंगची चूक असेल, असं आम्ही सगळेच म्हणालो होतो. यंत्राचा कागद इतका स्वच्छ छापलेला असायचा की त्यावरची पेन्सिल नीट दिसायची नाही.

शेवंताला भेटायला मी सिस्टरांबरोबर कोंढ्याला गेले. मला जायची गरज नव्हती, पण राहवलं नाही. तिच्या भावाच्या घरी धान घरात येत होतं. खांद्यापर्यंत धुळीनं माखलेली एक सडपातळ बाई भारा उतरवून आमच्यापुढे आली. गालावर एक फिकट चट्टा होता, लक्षात येणारही नाही इतका. टिचकुलेभाऊ आमच्या मागे उभे होते. पिशवी त्यांनी जीपमध्येच ठेवली होती.

"शेवंताबाई," ते म्हणाले, "मी एकोडीले जाऊन सांगतो. म्हणतो, घर चुकलो होतो. दुसऱ्याच शेवंताकडं जायचं होतं. तुमच्या सासूची माफी मांगतो."

 तिनं पदरानं तोंड पुसलं.

"आधी एक सांगा बाई," ती माझ्याकडे वळली. "तुमच्या मशीनमधी मी आली नाही असं लिहून हाय म्हणता. मंग माहे ते महिने गेले का? मले पुन्हा पयल्यापासून गोळ्या घ्यायच्या का?"

"नाही. सगळे महिने तुमच्या नावावर परत लावलेत. मी स्वतः लावलेत."

"एक बी चुकली नाही मी," ती म्हणाली. "रोवण्याच्या दिवसात ताप होता तरी गेली. बजार कराले जातो म्हणून सांगून गेली." मग टिचकुलेभाऊंना म्हणाली, "घर चुकलो म्हणून नका सांगू भाऊ. मंग मी वापस जाईन, अन् पुन्हा रोज लपवत बसीन. गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवत होती मी. सासू डब्याजवळ गेली का मीच आधी डबा उचलत होती."

"मग काय करू या?" सिस्टरांनी विचारलं.

"गावात येऊन सगळ्याइनले सांगा, ही बिमारी काय हाय ते. बरी होते का नाही, ते सांगा. माहं नाव घ्या का नका घेऊ. गावाले तं तसंही माहीत झालं."

सिस्टर तिच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.  परत येताना जीपमध्ये मी मनात म्हणत होते, हिला कुणाची दया नकोय, हिला फक्त तिचे महिने हवे होते.

एकोडीला जायला पुढचा उन्हाळा उजाडला. धान चुरून, मळणी होऊन गेली होती, माणसं मोकळी होती. शाळेच्या ओसरीत सिस्टरांनी आधी सगळ्यांना समजावून सांगितलं, की हा आजार बरा होतो आणि त्याच्या चट्ट्यावर स्पर्श कळत नाही, मग तपासणी सुरू केली. मी नावं लिहून घेत होते. नामदेव शेवंताला कोंढ्याहून घेऊन आला होता. मधल्या महिन्यांत तो बाजाराच्या दिवशी कोंढ्याला जायचा आणि तिला घेऊन साकोलीला यायचा, हे मला सिस्टरांकडून कळलं होतं. घरी आईशी त्याचं बोलणं जवळपास बंद होतं. ती दोघं ओसरीच्या एका टोकाला बसली. लोक त्यांच्याकडे बघत होते.

भागाबाई आल्या तेव्हा गर्दी पांगत आली होती. उंच, ताठ बाई. सुनेकडे त्यांनी पाहिलं नाही. बराच वेळ खांबाशी उभ्या राहिल्या. सिस्टर पेटी आवरायला लागल्या तेव्हा त्या पुढे आल्या आणि समोर बसल्या.

"माह्याही हाताले एक जुना नायटा हाय," त्या म्हणाल्या. "पाहून घ्या. काही नाही, नायटाच हाय."

त्यांनी पोलक्याची बाही वर सारली. दंडाच्या मागच्या बाजूला तळहाताएवढा चट्टा होता, कडा उचललेल्या. सिस्टरांनी तो बराच वेळ पाहिला.

"किती वर्षांचा आहे मावशी?"

"असंल. नामदेवचं लगन व्हायच्या आंधीपासून."

ओसरीच्या टोकाला शेवंता उठून उभी राहिली होती. नामदेव बसूनच होता.

"डोळे मिटा मावशी," सिस्टर म्हणाल्या. "मी कापूस लावते. जिथं लागेल तिथं दुसऱ्या हाताच्या बोटानं दाखवा."

भागाबाईंनी डोळे मिटले. सिस्टरांनी कापसाची वात करून आधी त्यांच्या मनगटाला लावली. भागाबाईंनी लगेच बोट ठेवलं. मग कोपराजवळ लावली. तिथंही बरोबर दाखवलं. मग सिस्टरांनी वात चट्ट्यावर टेकवली. थांबल्या. परत टेकवली. मग कापूस ठेवून पेनाचं टोक टेकवलं, जरा दाबूनच.

शेवंता एवढ्यात चालत आली होती. ती सासूच्या मागे खाली बसली आणि सिस्टरांच्या हाताकडे पाहत राहिली. नंतर तिनं आपला हात सासूच्या पाठीवर ठेवला.

भागाबाईंचे डोळे मिटलेलेच होते. बोट तयारीनं हवेत धरलेलं होतं.

"लाव ना वं बाई," त्या म्हणाल्या. "केव्हाची वाट पाहून राहिली मी."